एक ‘चर्र’... बस्स!

“अगं, प्रत्येक ओळीनंतर शिंकतेस काय?”

प्रॅक्टिस संपल्यावर आमच्या गायिकेने विचारलं आणि सगळे हसत सुटले. मी सोडून! कारण ती ‘शिंक’ म्हणजे माझी नवीकोरी ८ इंची स्प्लॅश सिंबल होती. दोन महिन्यांच्या मानधनातून घेतलेली!

ड्रमसेटवर मोठ्या झांजांच्या गर्दीत एखादी बशीएवढी झांज दिसते ना, तीच ही स्प्लॅश. साधारण ६ ते १२ इंचांची; ८ आणि १० इंची जास्त चालतात. क्रॅश सिंबल मारली की आवाज पसरतो, रेंगाळतो. स्प्लॅशचं तसं नाही. तापलेल्या तेलात कढीपत्ता पडावा तशी ‘चर्र’ करते आणि गायब! आपला टाळही छोटाच, पण जाड. म्हणून त्याची किणकिण कानात राहते. स्प्लॅश पातळ आणि हलकी. चटकन थरथरते, चटकन गप्प होते. ६ इंची म्हणजे नुसती टिचकी, तर १२ इंची जवळजवळ छोटी क्रॅशच.

हा प्रकार काही नवा नाही. १९२०-३०च्या दशकांत अमेरिकेतले जॅझ ड्रमर छोट्या झांजा वाजवून लगेच हाताने दाबायचे. पुढे रॉकच्या दणदणाटात झांजा मोठ्या झाल्या आणि ही बिचारी मागे पडली. तिला पुन्हा फॉर्मात आणण्यात ‘द पोलिस’च्या स्ट्युअर्ट कोपलंडचा मोठा वाटा. तिघांचाच हा बँड १९८० मध्ये मुंबईतही वाजवून गेला. कोपलंडचा फंडा भारी आहे. जिथे दणका अपेक्षित, तिथे तो गप्प. आणि भलत्याच जागी एक टिचकी!

आणि मी? त्या दिवसाचं रेकॉर्डिंग घरी ऐकलं. चार मिनिटांच्या गाण्यात २३ स्प्लॅश! पण वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ते गाणं तिने वडील गेल्यावर लिहिलेलं. तिची पहिलीच चाल. आणि जवळजवळ प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द माझ्या ‘चर्र’खाली गेला होता. स्प्लॅशचा आवाज बारीक, टोकदार; ‘स’, ‘श’सारखी अक्षरं नेमकी तोच गिळतो.

पुढच्या प्रॅक्टिसला २२ काढून टाकल्या. एकच ठेवली. शेवटच्या कडव्याआधी ती क्षणभर थांबते, तिथे. तीही मनगटाने, कडेवर, हलकेच. (क्रॅशसारखी हाणाल तर पातळ पत्रा तडकतो. वरचा नटही फार आवळू नका, तिला हलायला जागा लागते.)

गाणं संपलं. ती ड्रमसेटजवळ आली. “आज मला माझे शब्द ऐकू आले,” म्हणाली.

मग जरा थांबून, “आणि ती शेवटची शिंक... ती राहू दे हं!”