वाहकपट्ट्यावरील वजनाची अचूकता

सोलापूरनजीक फताटेवाडी येथील एनटीपीसीच्या औष्णिक विद्युत्केंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच असून ते अनुक्रमे २०१७ व २०१९ मध्ये कार्यान्वित झाले. एक युनिट विजेस ०.६५ किलोग्रॅम कोळसा लागतो असे धरल्यास, पूर्ण भाराने चालणाऱ्या या क्षमतेच्या केंद्रास दिवसाकाठी सुमारे २०,६०० टन कोळसा लागेल. वाहकपट्ट्यावरील मापनात शेकडा एक इतकीच, परंतु सतत एकाच दिशेची चूक राहिली, तर रोज २०६ टनांचा फरक पडेल. मग संचाची कार्यक्षमता घटली की काटा चुकला, हे आकड्यांवरून सांगणे दुरापास्त होते.

चालत्या पट्ट्यावरील वजनाचे तत्त्व सोपे आहे. पट्ट्याखालील एक वा अनेक आयडलर लोडसेलवर टेकविलेले असतात. त्यांवरील भारावरून दर मीटरचे वजन कळते. त्यास वेगाने गुणून काळानुसार बेरीज केली जाते. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या आर-५० या शिफारशीतील ०.५, १ व २ या वर्गांच्या वापरातील काट्यांना अनुक्रमे तितकेच टक्के चूक क्षम्य असते. चांगला लोडसेल याहून पुष्कळ अचूक असतो. तथापि त्यावर कोळशाबरोबरच ताणलेला पट्टाही दाब देतो, आणि खरी अडचण तेथेच आहे.

पट्ट्याचा वेग सेकंदास २.५ मीटर व वहन ताशी १,००० टन असेल, तर दर मीटरवर १११ किलोग्रॅम माल असतो. आयडलरांमधील अंतर १.२ मीटर असल्यास एका आयडलरवर १३३ किलोग्रॅम भार येतो. हा आयडलर शेजाऱ्यांहून अवघा एक मिलिमीटर उंच असून माल चढल्यावर पट्ट्याचा ताण १० किलोन्यूटनने वाढला, तर जवळजवळ १७ न्यूटन, म्हणजे १.७ किलोग्रॅमचा खोटा भार नोंदला जातो. ही चूक १.३ टक्के होय. चार आयडलर तितकेच उंच असले, तरी खोटा भार तेवढाच राहतो, माल मात्र चौपट तोलला जातो. म्हणून चूक ०.३ टक्क्यांवर येते.

रिकाम्या पट्ट्यावर शून्य साधून हा दोष जात नाही, कारण तो मालाबरोबरच उद्भवतो. ठरावीक वजने टांगून केलेल्या अंशशोधनातही पट्ट्याचा ताण वाढत नाही. काटा परीक्षेत उत्तीर्ण होतो आणि कोळसा चुकीचा मोजत राहतो. प्रत्यक्ष माल पट्ट्यावरून नेऊन तोच प्रमाणित भुईकाट्यावर तोलणे, हीच खरी कसोटी. तीत वहन अडते, म्हणून ती लांबणीवर पडते. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात तापमान ४० अंशांवर गेले की रबराचा ताठरपणा बदलतो, आणि पावसाळ्यात ओली भुकटी चिकटून शून्य सरकते.

साखर कारखान्यांत बगॅस हलके असल्यामुळे शून्याचा हा दोष अधिकच जाचतो. यास्तव तेथे बगॅस पुष्कळदा तोलतच नाहीत. ऊस व चरकात मिसळलेले पाणी यांच्या बेरजेतून मिश्र रस वजा करतात. ऊस भुईकाट्यावर तोललेला असतो, कारण त्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. परंतु ऊस १००, पाणी ३० व रस १०० टन असता बगॅस ३० टन येते. उसाच्या वजनातील अर्धा टक्का चूक बगॅसच्या आकड्यात १.७ टक्के होऊन उतरते.