सुतारी शेगड्याचा स्क्रू

सुतारी शेगड्याचा स्क्रू : रंधणे, कापणे, पटाशीने खाचा पाडणे इ. क्रिया चालू असताना लाकूड घट्ट धरून ठेवण्यासाठी सुतारी बाकाला शेगडा किंवा व्हाइस जोडलेला असतो. या शेगड्याचा जबडा पुढेमागे सरकविणाऱ्या व आवळणाऱ्या आटे पाडलेल्या दांड्यास शेगड्याचा स्क्रू म्हणतात. स्वतःचे बाक स्वतः बनविणाऱ्यास सामान्यतः हा एकच भाग बाहेरून आणावा लागतो. बाकाचे लाकडी भाग चुकल्यास पुन्हा कापता किंवा बदलता येतात. परंतु पायाची जाडी, भोकाची जागा व व्यास आणि जबड्याची लांबी ही सर्व मापे स्क्रूवर अवलंबून असतात. म्हणून स्क्रूची निवड बाकाच्या आराखड्यापूर्वी करावी लागते. निवड करताना बहुधा स्क्रूच्या जाडीकडे म्हणजे बळकटीकडे पाहिले जाते. वास्तविक बळकटी ही क्वचितच अडचणीची बाब असते. स्क्रू एका फेऱ्यात किती सरकतो, त्याच्या आट्यांचा आकार कसा आहे, त्याची उपयुक्त लांबी किती आहे आणि नट कोठे बसणार आहे, या गोष्टी अधिक निर्णायक ठरतात.

इतिहास : अलेक्झांड्रियाचे हीरो (इ. स. पहिले शतक) यांनी लाकडी स्क्रूने चालणाऱ्या दाबयंत्रांचे व नटात आटे पाडण्याच्या साधनाचे वर्णन केले आहे, तथापि स्क्रूचा उपयोग सुतारी बाकावर होण्यास पुढे बराच काळ लागला. तोपर्यंत लाकूड खुंट्या व पाचरी यांनीच अडवून धरीत. न्यूरेंबर्ग येथील मार्टिन लोफेलहोल्त्स यांच्या १५०५ च्या सचित्र हस्तलिखितात स्क्रूचे शेगडे असलेले बाक आढळते. इंग्लंडमध्ये जोसेफ मॉक्सन यांच्या १६७८ च्या सुमारास भागशः प्रसिद्ध होऊ लागलेल्या हस्तव्यवसायविषयक ग्रंथात दोन स्क्रूंचा शेगडा दाखविला आहे, तर फ्रान्समध्ये आंद्रे-झाकॉब रूबो यांच्या १७६९–७५ या काळातील ग्रंथात शेगडे बसविलेल्या जर्मन पद्धतीच्या बाकाचेही वर्णन आहे. हे स्क्रू लाकडी होते. १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ली (१७७१–१८३१) यांनी स्क्रू कापणारे अचूक लेथ यंत्र प्रचारात आणले आणि पुढे एकोणिसाव्या शतकात लोखंडी व पोलादी स्क्रू सर्वसामान्य कारागिराच्या आवाक्यात आले.

भारतातील परंपरागत सुतार जमिनीवर बसून लाकूड पायांनी दाबून धरतो. त्यामुळे शेगड्याची गरज त्याला फारशी भासली नाही. लाकडी आटे मात्र येथे अपरिचित नव्हते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या हातरेच्याच्या रुळांच्या टोकांना एकमेकांत गुंतणारे आटे कोरीत असत. उभे राहून बाकावर काम करण्याची पद्धत प्रामुख्याने तांत्रिक शाळा व कारखाने यांच्याद्वारे रूढ झाली.

कार्य व बल : स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरणच होय. लगतच्या दोन आट्यांमधील अक्षाला समांतर मोजलेल्या अंतरास अंतराल म्हणतात. एकेरी आट्याचा स्क्रू एका फेऱ्यात एक अंतराल सरकतो. दुहेरी आट्याचा स्क्रू दोन अंतराल सरकतो. समजा, २८ मिमी. बाह्य व्यासाच्या, एकेरी चौकोनी आट्याच्या स्क्रूचे अंतराल ६ मिमी. असून त्याच्या मुठीवर अक्षापासून १५ सेंमी. अंतरावर हाताने १० किग्रॅ. इतका जोर लावला आहे. घर्षण मुळीच नसेल, तर जबड्यावर सु. १,५७० किग्रॅ. इतके बल मिळेल. प्रत्यक्षात नटातील आट्यांचे आणि स्क्रूच्या डोक्याखालील कडीचे घर्षण विचारात घेता (घर्षणांक ०.१५ धरून) ते सु. २७० किग्रॅ. एवढेच, म्हणजे सु. एक-षष्ठांश असते. एवढे बलही लाकडी कामास पुरेसे आहे. याहून जास्त दाबाने नरम लाकडावर वळ उठतात. या स्क्रूच्या गाभ्याचा व्यास २२ मिमी. असल्यास त्यावर दर चौ. मिमी.ला १ किग्रॅ.पेक्षाही कमी ताण येतो आणि साधे पोलाद याच्या कितीतरी पट ताण सहन करते. म्हणजे २० मिमी. व्यासाचा स्क्रूही तुटण्याची भीती नसते. जाड स्क्रू पसंत करावयाचा तो त्याच्या आट्यांचे पृष्ठ मोठे असल्याने झीज कमी होते व लांब दांडा सहज वाकत नाही म्हणून.

घर्षणामुळे वाया जाणारे बल सर्वस्वी निरुपयोगी असते असे नाही. मूठ सोडल्यावर शेगडा आपोआप उघडत नाही तो घर्षणामुळेच. स्क्रूच्या मध्यम परिघाला घर्षणांकाने गुणल्यास येणाऱ्या अंतरापेक्षा एका फेऱ्यातील सरक कमी असेल, तर स्क्रू केवळ आट्यांच्या घर्षणावर जागच्या जागी राहतो. वरील स्क्रूचा मध्यम व्यास २५ मिमी. आहे. त्याच्या बाबतीत ही मर्यादा सु. १२ मिमी. येते व ६ मिमी. सरक तिच्या बरीच आत आहे. त्याच व्यासाचा १२ मिमी. सरकणारा दुहेरी आट्याचा स्क्रू मात्र सीमेवर येतो. कडीखालील घर्षणामुळे तो सहसा टिकतो. परंतु ग्रीज भरपूर लावलेले असल्यास मोगरीच्या ठोक्यांनी तो सैल होऊ शकतो. पटाशी चालू असताना लाकूड निसटल्यास हाताला गंभीर इजा होते. त्यामुळे ज्या शेगड्यात ठोकण्याचे काम व्हावयाचे आहे त्यासाठी एकेरी आट्याचा स्क्रू अधिक सुरक्षित होय.

आट्यांचे आकार : चौकोनी आट्यांत घर्षण सर्वांत कमी असते, पण ते कापणे कष्टाचे असते. ३०° कोनाचे समलंबी आटे व २९° कोनाचे ॲक्मे आटे यांत घर्षण केवळ ३–४ टक्क्यांनी वाढते, आट्याचे बूड रुंद असल्याने बळकटी जास्त मिळते व ते लेथवर सुलभतेने कापता येतात. म्हणून शेगड्याच्या स्क्रूला हे आकार उत्तम समजतात. बाजारात स्वस्त मिळणारी, संपूर्ण लांबीवर आटे असलेली सळई ६०° कोनाच्या त्रिकोणी आट्यांची असते. तिच्यात घर्षण सु. १५ टक्क्यांनी जास्त असते, आट्यांच्या धारदार कडा ठेचाळतात आणि खाचांत भुसा अडकतो. तिचा मुख्य दोष मात्र मंद गती हा होय. २४ मिमी. व्यासाच्या अशा सळईचे नेहमीचे अंतराल ३ मिमी. असते. त्यामुळे जबडा १०० मिमी. उघडण्यास तिला ३३ फेरे द्यावे लागतात, ६ मिमी. अंतरालाच्या स्क्रूला १७, तर १२ मिमी. सरकणाऱ्या स्क्रूला ८ फेरे पुरतात. शेगडा दिवसातून शेकडो वेळा उघडावा व मिटावा लागतो हे लक्षात घेतल्यास या फरकाचे महत्त्व कळते. क्वचित वापरावयाच्या किंवा तात्पुरत्या शेगड्यास अशी सळई चालू शकते.

लाकडी स्क्रू : लाकडी आटे बारीक केल्यास तुटतात, म्हणून लाकडी स्क्रू जाड व मोठ्या अंतरालाचा, सामान्यतः ६० मिमी.च्या आसपास व्यासाचा व सु. १२.५ मिमी. अंतरालाचा असतो. व्यास मोठा असल्यामुळे एवढी सरक असूनही तो आपोआप सैल होत नाही. धातूच्या एकेरी स्क्रूच्या दुप्पट वेग व पक्की पकड हे दोन्ही गुण त्यात एकत्र येतात. उलट घर्षण जास्त असल्याने तेवढ्याच जोराने मिळणारे बल धातूच्या स्क्रूच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी असते. ते भरून काढण्यासाठी मूठ लांब ठेवतात. स्क्रूसाठी सरळ व दाट धाग्याचे, गाठी नसलेले, पूर्ण वाळलेले कठीण लाकूड हवे. पावसाळी दमट हवेत, विशेषतः कोकण व गोवा यांसारख्या भागांत, लाकूड धाग्याच्या आडव्या दिशेने फुगते, परंतु लांबीत जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे नटाचे भोक किंचित लांबट होते व स्क्रू अडकू लागतो. हे टाळण्यासाठी नटात थोडी ढिलाई ठेवतात.

शेगड्याच्या प्रकारानुसार निवड : (१) पाय-शेगडा : यात लांब उभा जबडा बाकाच्या पायासमोर असून त्याच्या तळाशी भोके पाडलेली आडवी पट्टी असते. लाकडाच्या जाडीप्रमाणे पट्टीच्या योग्य भोकात खुंटी घालून जबडा पायाला समांतर ठेवतात. हा जबडा तरफेप्रमाणे कार्य करतो. तळातील खुंटीपासून स्क्रू ६० सेंमी. व पकडलेले लाकूड ८० सेंमी. उंचीवर असल्यास स्क्रूच्या बलाचा तीन-चतुर्थांश भाग लाकडावर येतो. म्हणजे वरील उदाहरणातील २७० किग्रॅ.पैकी सु. २०० किग्रॅ. मिळतात. स्क्रू वर घेतल्यास बल वाढते, पण फळी खोलवर धरण्यास जागा कमी पडते. घरी बनविण्यास हा प्रकार सर्वांत सोपा असून त्याला धातूचा एकेरी किंवा लाकडी स्क्रू योग्य ठरतो.

(२) दोन स्क्रूंचा शेगडा : एकाच स्क्रूच्या शेगड्यात लाकूड एका कडेला धरल्यास जबडा तिरपा होतो, दुसऱ्या कडेला तेवढ्याच जाडीचा ठोकळा ठेवून त्याचा तोल सांभाळावा लागतो. दोन स्वतंत्र स्क्रू असल्यास ही अडचण नाहीशी होते आणि निमुळते लाकूडही धरता येते. रुंद फळ्यांच्या टोकांवर जोड कापण्यास हा सोयीचा होय. दोन्ही स्क्रूंची सरक समान असावी व जबड्याची भोके किंचित मोठी ठेवावीत.

(३) टोकाचा शेगडा : बाकाच्या उजव्या टोकाशी असलेला हा शेगडा बाकावरील खुंट्यांच्या दरम्यान फळी आडवी धरतो. येथे दाब थोडाच लागतो, परंतु स्क्रूची सरक खुंट्यांच्या भोकांमधील अंतरापेक्षा निश्चितपणे जास्त हवी. भोके १०० मिमी. अंतरावर असल्यास किमान १२५ मिमी. सरक ठेवावी, नाही तर काही लांबीच्या फळ्या धरताच येत नाहीत.

(४) तयार लोखंडी शेगडा : यात बिडाचे जबडे, स्क्रू व दोन मार्गदर्शक दांडे जोडूनच येतात. अर्धा नट तरफेने बाजूस सारून जबडा एका हिसड्यात सरकविण्याची सोय असलेले प्रकारही असतात. अचूक लाकडी जबडा बनविण्यास लागणारा वेळ किंवा कौशल्य नसल्यास सुटा स्क्रू घेण्यापेक्षा हा प्रकार श्रेयस्कर होय.

लांबी व बसवणी : जबडा जास्तीत जास्त किती उघडेल हे काढण्यासाठी आट्यांच्या लांबीतून जबडा, पाय व नट यांची एकत्रित जाडी वजा करतात. उदा., ४५० मिमी. आटे, ६५ मिमी. जबडा, १०० मिमी. पाय व ३० मिमी. नट असल्यास २५५ मिमी. उरतात. नेहमीच्या कामास याच्या निम्मे अंतरही पुरते. शेगडा मिटल्यावर स्क्रूचे टोक मागे बाहेर येते. त्या जागी खण किंवा आडवी पट्टी येणार नाही हे आराखड्यातच पाहावे लागते.

शेगडा आवळताना स्क्रू नटाला जबड्याकडे ओढतो. म्हणून नट पायाच्या मागील बाजूस बसवावा, म्हणजे त्याची किनार लाकडावरच दाबली जाते. तो पुढील बाजूस बसविल्यास सर्व ओढ त्याच्या लहान स्क्रूंवर येऊन ते कालांतराने उपटून येतात. टोकाच्या ज्या शेगड्यात स्क्रू सरकता ठोकळा आत ढकलतो, तेथे याच कारणासाठी नट टोकाच्या आडव्या लाकडाच्या आतील बाजूस हवा. नट पितळेचा, काशाचा किंवा बिडाचा असावा. शेगडा उघडताना जबडा स्क्रूबरोबर बाहेर यावा यासाठी स्क्रूच्या मानेवरील खोबणीत जबड्याला पक्की केलेली पट्टी अडकविलेली असते. ती नसल्यास जबडा प्रत्येक वेळी हाताने ओढावा लागतो.

जुना स्क्रू घेताना : मोडीत निघालेल्या दाबयंत्रांचे व लेथचे स्क्रू कमी खर्चात मिळतात. असा स्क्रू सपाट पृष्ठावर लोळवून सरळपणा तपासावा आणि नट पूर्ण लांबीवर फिरवून पाहावा. आट्यांचे सपाट माथे धारदार झालेले दिसल्यास ते फार झिजले आहेत असे समजावे. नटातील थोडी ढिलाई शेगड्यात बाधक होत नाही. लेथच्या आडव्या सरकपट्टीचे स्क्रू पुष्कळदा डाव्या आट्यांचे असतात. असा स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविल्यास शेगडा आवळला जाण्याऐवजी उघडतो. म्हणून आट्यांची दिशा आधी पाहून घ्यावी. नट नसलेला स्क्रू शक्यतो टाळावा, कारण त्याला जुळणारा नट मुद्दाम कापून घ्यावा लागतो.

निगा : तेलात भुसा मिसळून त्याचा राप बसतो. म्हणून धातूचे आटे ब्रशने साफ करून त्यांवर मेणाचा किंवा ग्रीजचा पातळ थर द्यावा. लाकडी आट्यांना मेणच लावावे. मुठीत नळी घालून शेगडा आवळू नये. तेवढा जोर लावावा लागत असल्यास दोष बहुधा स्क्रूचा नसून जबडा समांतर नसल्याचा असतो व त्यावर उपाय खुंटीची जागा बदलणे हाच होय. [⟶ सुतारकाम, स्क्रू].