साक्षीदाराला बोलता येत नसेल तर?
(एडवण येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय कायद्याचा आणि आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर. पण साक्ष कोणाची मानायची, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे.

न्यायदर्शनात आप्ताचा शब्द प्रमाण मानतात. आता आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का! न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन सांगतात: ज्याने गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू, असंही ते म्हणतात. यात वक्तृत्वाची अट कुठेच नाही.

१८७२ च्या पुरावा कायद्यातही ती नव्हती. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देऊ शकणारा कोणीही साक्षीदार होऊ शकतो. मग ते मूल का असेना. ज्याला बोलता येत नाही, त्याने लिहून किंवा खुणांनी साक्ष द्यावी. ती तोंडी साक्षच समजली जाते. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हे कायम आहे.

मग अडतं कुठे? आपल्या महाराष्ट्रातलंच एक प्रकरण पाहू. पीडित मुलगी मूकबधिर होती, बौद्धिकदृष्ट्याही थोडी दुर्बल. खालच्या कोर्टाने आरोपीला शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने मात्र, मुलीची साक्षच झाली नाही म्हणून त्याला सोडलं. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. इतर पुराव्याने गुन्हा सिद्ध होत असेल, तर केवळ तिची साक्ष झाली नाही म्हणून खटला कोसळत नाही, असं ठरलं. शिवाय प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात अशा साक्षीदारांसाठी किमान दोन विशेष केंद्रं तीन महिन्यांत उभारा, असा आदेशही निघाला. ११ जानेवारी २०२२ ला 'असुरक्षित साक्षीदार' या शब्दाची व्याप्ती वाढली: मुलांबरोबर मानसिक आजार असलेले, वाचा किंवा श्रवणदोष असलेले, जिवाला धोका असलेले आणि कोणत्याही वयाचे लैंगिक अत्याचाराचे बळी त्यात आले.

आता पद्धत कशी असते ती बघू. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत. ते न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश विचारतात. मध्ये मध्ये विश्रांती, विश्वासातलं माणूस जवळ, पुन्हा पुन्हा हेलपाटे नाहीत. मूल आरोपीच्या नजरेला पडू नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओ. आणि गरज असेल तर दुभाषी. आपल्या पालघर जिल्ह्यात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. घरी वारली किंवा मांगेली बोलणारं पोर कोर्टाच्या छापील मराठीपुढे गप्प बसलं, तर ते खोटं बोलतंय का? त्याला प्रश्नच कळलेला नसतो! तोच प्रश्न दोनदा विचारला की मुलाला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं, म्हणून ते दुसरं देतं. वहीत मात्र 'विसंगती' अशी नोंद होते.

कोणी म्हणेल, मास्तर, आरोपीचं काय? शंका रास्त आहे. माणूस वर्षानुवर्षं तुरुंगात जायचा असेल तर उलटतपासणीचा हक्क काढून घेता येणार नाही. मूल पढवलेलं असू शकतं, मोठ्यांना खूश करायला 'हो' म्हणू शकतं. म्हणून तर पडदा असला तरी आरोपीला साक्ष ऐकू यायला हवी, त्याच्या वकिलाशी बोलता यायला हवं, आणि कायदा तशी सोय करतो. उत्तर सुचवणारा प्रश्न टाळला, साधा प्रश्न विचारला, तर फायदा दोघांचा: खऱ्या साक्षीदाराला सांगता येतं आणि पढवलेलं असेल तर तेही उघडं पडतं. घाबरलेल्या मुलाच्या उत्तरांतून फक्त त्याची भीतीच मोजली जाते.

वात्स्यायनांनी दोनच गोष्टी पाहायला सांगितल्या: याने जाणलं का, आणि खरं सांगायचं आहे का. कोर्टाने तपासायचं ते एवढंच. बाकीचे अडथळे दूर करणं हे कोर्टाचं काम, साक्षीदाराचं नव्हे.

आम्ही थांबतो. आता तुम्ही विचारा.