हारूच्या कचेरीतील पक्षी

बंगालमधील हारू नामक इसमाच्या कचेरीत एक विलक्षण प्राणी राहतो. डोळे पेंगुळलेले, मुख विशाल, काळ्याभोर केसांचा भांग चापूनचोपून पाडलेला. नावाने तो गाय असला तरी वस्तुतः पक्षी असून, दाणापाणी, गवत वा खीर यांना तोंडही न लावता साबणाचे सार आणि मेणबत्त्या यांवर गुजराण करतो. सुकुमार राय यांच्या 'आबोल ताबोल' या बालकवितासंग्रहातील 'ट्यांश गोरू' तो हाच. साहेबी थाटाच्या कारकुनांची ही टवाळी आहे असे जाणकार म्हणतात, आणि ते खरेही असेल; परंतु चित्र पाहून खदखदणाऱ्या मुलाला त्या भाष्याची काही गरज भासत नाही.

असले प्राणी रेखाटणारा मनुष्य लहरी, विक्षिप्त असावा, अशी आपली समजूत असते. राय मात्र कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान आणि रसायन शिकलेले, आणि १९११ साली शिष्यवृत्ती मिळवून छायाचित्रण व मुद्रण यांच्या अभ्यासासाठी विलायतेस गेलेले गृहस्थ होते. वडील उपेंद्रकिशोर हे हाफटोन ठशांच्या तंत्रातील अग्रेसर. त्यांनी १९१३ मध्ये काढलेले 'संदेश' हे मुलांचे मासिक त्यांच्या निधनानंतर सुकुमारांकडे आले, आणि संग्रहातील बहुतेक कविता प्रथम तेथेच छापल्या गेल्या.

'खिचडी' या कवितेतील संकरित प्राणी पाहावेत. बदकाला साळिंदराचे काटे आहेत, कासवाला बगळ्याची मान आहे, आणि अर्धा हत्ती व अर्धा देवमासा अशा 'हातिमी'ची तर मोठीच पंचाईत आहे, कारण त्याच्यातील देवमासा पाण्याकडे ओढ घेतो, तर हत्तीला रानाची वेळ झालेली असते. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले आहेत. तेही अनेक प्राण्यांच्या अवयवांचेच, परंतु त्यांचे प्रयोजन सत्तेचा दरारा बसवणे हे, आणि म्हणूनच त्यांना अडचणी नसतात. रायांच्या प्राण्यांना त्या असतात, किंबहुना अडचण हाच त्यांचा स्वभाव. 'हुंकोमुखो ह्यांग्ला' या दोन शेपट्यांच्या, सदा उदास प्राण्याचे दुःख एवढेच, की माशी उजवीकडे बसली तर उजव्या शेपटीने मारावी, डावीकडे बसली तर डाव्या; पण ती नेमकी मध्यभागी बसली तर कोणत्या शेपटीने मारावी, याचा निवाडा त्याच्याच्याने होत नाही! ही तक्रार, प्राणी खोटा असूनही, तर्कशास्त्राच्या दृष्टीने बिनतोड आहे.

माझ्या मते रायांच्या चित्रांची खरी शक्ती येथेच आहे. पहिली थाप एकदा बिनदिक्कत मारून झाली, की पुढील सर्व तपशील ते इमानेइतबारे सांभाळतात. रेषा गंभीर राहते, चित्रकार स्वतः हसत नाही, आणि म्हणून पाहणाऱ्याला हसू आवरत नाही. आजकालचे पुष्कळ चित्रकार आपल्या अद्भुत प्राण्यांना बटबटीत डोळे आणि गुलाबी गाल देऊन मोकळे होतात, त्यांनी हा संयम अवश्य अभ्यासावा.

काळ्या आजाराने अंथरुणाला खिळलेले असतानाही त्यांनी संग्रहाची मांडणी व मुखपृष्ठ स्वतः केले. १० सप्टेंबर १९२३ रोजी, अवघ्या पस्तिशीत, त्यांचे निधन झाले आणि पुस्तक त्यानंतर नऊ दिवसांनी प्रसिद्ध झाले; चिरंजीव सत्यजित तेव्हा अडीच वर्षांचेही नव्हते. बंगाली लिपी येत नाही ही सबब वाचकांनी सांगू नये. पुस्तक मिळवावे, आणि निदान चित्रे तरी घरातील मुलांसमवेत पाहावीत.