कोंबडी, टेनिसचे चेंडू आणि सत्त्याहत्तरावं मिनिट

7 मे 2012. उत्तर इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न गावात, ईवुड पार्क मैदानावर ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि विगन यांचा सामना नुकताच सुरू झाला होता. हरलं तर रोव्हर्सची प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत हकालपट्टी ठरलेली. अशा जीवघेण्या घटकेला मैदानात एक जिवंत कोंबडी अवतरली. अंगावर क्लबचा झेंडा पांघरलेला. तिला पकडून बाहेर नेलं गेलं, खेळ पुढे सुरू झाला आणि रोव्हर्स 1-0 ने हरले.

कोंबडीच का? याचं उत्तर पुण्यात आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या व्यंकीज समूहाने हा क्लब 2.3 कोटी पौंडांना विकत घेतला होता. शिवाय क्लबवरच्या कर्जाची जबाबदारीही उचलली होती. व्यंकीज म्हणजे कुक्कुटपालन, अंडी आणि चिकन. मालकांपर्यंत आपला राग पोचवायला चाहत्यांना दुसरं कोणतं बोधचिन्ह सापडणार?

रोव्हर्स हा काही काल-परवाचा क्लब नाही. स्थापना 1875 ची. 1888 मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या 12 संस्थापक क्लबांपैकी हा एक. पुढे वैभव ओसरलं. मग गावातल्याच जॅक वॉकर या पोलादाच्या व्यापाऱ्याने आपला धंदा विकून आलेला पैसा लहानपणापासूनच्या लाडक्या क्लबात ओतला, अ‍ॅलन शिअररसारखा गोलंदाज नव्हे, ‘गोल’वीर आणला आणि 1995 मध्ये गिरण्यांच्या या गावाने मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून प्रीमियर लीग जिंकली. वॉकर 2000 साली वारले. दहा वर्षांनी त्यांच्या कुटुंबाच्या विश्वस्त संस्थेने क्लब विकला, तो सात हजार किलोमीटरहून दूर असलेल्या एका घराण्याला.

त्यानंतर जे झालं ते पाहून डोकं चक्रावतं. खरेदीनंतर महिन्याभरातच अनुभवी प्रशिक्षक सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढलं. खाली घसरल्यावरच्या एकाच हंगामात एक प्रशिक्षक 57 दिवस टिकला, दुसरा 67. 2017 मध्ये रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत गेले. प्रीमियर लीगच्या विजेत्यावर अशी वेळ येण्याचा तो पहिलाच प्रसंग. पुढच्या वर्षी ते एक पायरी वर चढले, पण पहिल्या श्रेणीचं दार काही उघडलं नाही.

आता गंमत बघा. व्यंकीजने क्लबमधून पैसा उपसला, असं त्यांचे टीकाकारही सहसा म्हणत नाहीत. उलट वर्षानुवर्षं तोटा भरून काढायला त्यांनी पैसा घातलाच. याच्या नेमकी उलटी तऱ्हा मँचेस्टर युनायटेडची. 2005 मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने तो क्लब सुमारे 79 कोटी पौंडांना घेतला, पण त्यातला मोठा हिस्सा कर्जाऊ होता आणि ते कर्ज चढलं क्लबच्याच डोक्यावर. म्हणजे घर विकत घेणाऱ्याने हप्ते घराकडूनच भरून घ्यावेत. अनेक दशकं कर्जमुक्त राहिलेला क्लब तेव्हापासून व्याज फेडतो आहे आणि हे सारं पूर्णपणे कायदेशीर आहे! एकीकडे पैसा घालणारे मालक, दुसरीकडे कर्ज लादणारे, आणि दोन्ही गावांत घोषणा एकच: चालते व्हा. तेव्हा भांडण नुसतं पैशाचं नाही, हे उघड आहे. आपल्या आजोबांनी ज्या फाटकातून आत नेलं त्या मैदानाचं भवितव्य एका बंद खोलीत ठरतं आणि तिथे आपल्याला खुर्ची नाही, हे सलतं.

अर्थशास्त्राच्या पुस्तकातला ग्राहक नाराज झाला की दुकान बदलतो आणि दुकानदार ताळ्यावर येतो. फुटबॉलच्या चाहत्याला ही सोय नाही. ब्लॅकबर्नचा माणूस रागावून शेजारच्या बर्नलीचा पाठीराखा होईल, ही कल्पना दोन्ही गावांत कुणी ऐकूनही घेणार नाही. या दोघांचं वैर इंग्लंडमधल्या सर्वांत कडव्या वैरांत गणलं जातं. मालकाला हे पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे चाहत्यांना निषेधाच्या अशा रीती शोधाव्या लागतात की ज्यांत क्लब सोडायचा नाही आणि तरी मालकाला चिमटा बसला पाहिजे. या कोंडीतून जी कल्पकता बाहेर पडली आहे तिला तोड नाही.

युनायटेडच्या चाहत्यांनी रंग वापरला. 1878 मध्ये रेल्वे कामगारांनी हा क्लब न्यूटन हीथ नावाने काढला तेव्हा त्याचे रंग होते हिरवा आणि सोनेरी. 2010 मध्ये लाल मैदान हिरव्या-सोनेरी मफलरांनी भरून गेलं. यातली खोच अशी की लाल मफलर क्लबच्या दुकानातून घेतला तर पैसे मालकाकडे जातात. हिरव्या-सोनेरीतून त्याला छदामही नाही. त्या मार्चमध्ये एसी मिलानकडून खेळायला आलेल्या डेव्हिड बेकहमने सामन्यानंतर चाहत्यांनी फेकलेला तसला मफलर गळ्यात घातला आणि ते छायाचित्र जगभर गेलं. ग्लेझर मात्र हलले नाहीत. रंग दिसायला सुंदर, पण त्याने मालकाचं काही अडत नव्हतं.

लिव्हरपूलच्या चाहत्यांनी घड्याळ वापरलं. नव्या स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट 77 पौंडांचं होणार, असं 2016 मध्ये जाहीर झालं. 6 फेब्रुवारीला संडरलंडविरुद्ध लिव्हरपूल 2-0 ने पुढे असताना 77 वं मिनिट लागलं आणि हजारो लोक उठून चालते झाले. उरलेल्या वेळात संडरलंडने दोन गोल मारले. सामना 2-2! खेळाडूंचे पाय लोकांच्या आवाजावर चालतात असं म्हणण्याला एवढा ढळढळीत पुरावा क्वचितच मिळतो (योगायोग म्हणणारे म्हणोत बापडे). चार दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली.

आणि जर्मन लोक! तिथे 1998 पासून नियम आहे की व्यावसायिक क्लबात निम्म्याहून एक जास्त मत सभासदांच्या संस्थेकडेच राहिलं पाहिजे. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग यांसारखे जुने अपवाद सोडले तर गुंतवणूकदाराने कितीही पैसा आणला तरी शेवटचा शब्द सभासदांचा. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. पाटाकडील तालीम किंवा खंडोबा तालमीचा संघ कुणा शेठजीचा नसतो, पेठेचा असतो. असं असूनही डिसेंबर 2023 मध्ये जर्मन लीगने आपल्या प्रसारण हक्कांतल्या उत्पन्नाचा काही टक्के वाटा वीस वर्षांसाठी एका गुंतवणूक कंपनीला द्यायचं ठरवलं. 36 क्लबांपैकी 24 मतं हवी होती, बरोबर 24 पडली. मतदान गुप्त होतं, आणि सभासदांनी ‘नाही’ म्हणायला सांगूनही एका क्लबाच्या प्रतिनिधीने ‘हो’ म्हटलं असावं, या संशयाने देश पेटला.

पेटला म्हणजे काय, तर टेनिसचे चेंडू उडाले. सामना सुरू झाला की गोलमागच्या स्टँडमधून शेकडो चेंडू मैदानात. या शस्त्राची निवड किती विचारपूर्वक केली आहे पाहा. चेंडू मऊ, कुणाला इजा होत नाही. पिवळाधमक, टीव्हीवर लख्ख दिसतो. घरंगळत लांब जातो आणि प्रत्येक चेंडू कुणाला तरी वाकून उचलावा लागतो. सोबत सोन्याच्या वेष्टनातली चॉकलेटची नाणी, आणि धूर सोडणाऱ्या रिमोटच्या छोट्या मोटारीही आल्या. बर्लिनमधला हेर्था विरुद्ध हॅम्बुर्ग सामना अर्ध्या तासाहून जास्त वेळ खोळंबला. जे विकायला काढलं होतं ते म्हणजे टीव्हीवरचा नव्वद मिनिटांचा अखंड खेळ. चाहत्यांनी नेमका त्यालाच हात घातला. एका बोलीदाराने काढता पाय घेतला आणि 21 फेब्रुवारी 2024 ला लीगने सगळा बेत गुंडाळला. कंपन्यांच्या फौजा एकीकडे, टेनिसचे चेंडू दुसरीकडे, चेंडू जिंकले. हे वाचताना मला अजूनही हसू येतं.

पण सगळीकडे निकाल असा दोन महिन्यांत लागत नाही. ब्लॅकबर्नपासून तासाभरावर, समुद्रकाठी ब्लॅकपूल आहे. तिथल्या ऑयस्टन कुटुंबाच्या मालकीविरुद्ध चाहत्यांनी बहिष्कार पुकारला: तिकीट काढायचं नाही, एक पेनीही द्यायची नाही. बहिष्काराची धार दोन्ही बाजूंनी असते. 2017 मध्ये ब्लॅकपूल वेम्ब्लीवर बढतीचा अंतिम सामना जिंकलं, तेव्हा जन्मभर संघामागे फिरलेले अनेकजण तिथे गेलेच नाहीत. त्याच वर्षी न्यायालयाने ऑयस्टनांवर क्लबमधून अनुचितपणे पैसा काढल्याचा ठपका ठेवला आणि एका भागीदाराला 3 कोटी पौंडांहून अधिक द्यायचा आदेश दिला. फेब्रुवारी 2019 मध्ये मालकी हातातून गेली. 9 मार्चला चाहते परतले, 15 हजारांहून जास्त.

बहिष्कार म्हटलं की ब्लॅकबर्नच्या लँकेशायर परगण्याशी आपलं एक जुनं नातं आठवतं. सप्टेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेत गेलेले गांधीजी ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेनला गेले होते. भारतातल्या विदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ त्या गावातल्या गिरणी कामगारांना बसली होती, आणि तरी त्यांनी पाहुण्याचं प्रेमाने स्वागत केलं. बहिष्काराने दूरच्या मालकाआधी जवळच्या माणसाच्या पोटावर पाय येतो, हे त्या मुलखाला कुणी नव्याने शिकवायला नको.

शेवटचा उपाय म्हणजे घर सोडणं. लंडनच्या विम्बल्डन क्लबाने 1988 मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला होता. 2002 मध्ये मालकांना तो सुमारे 90 किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलवायला एका आयोगाने परवानगी दिली. आयोगाने वर असंही मत नोंदवलं की चाहत्यांनी नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही. त्यांनी अर्थातच काढला. गावच्या मोकळ्या माळावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली, नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली, 78 लीग सामने अपराजित राहिले आणि नऊ वर्षांत व्यावसायिक लीगमध्ये पोचले. क्लब चाहत्यांच्या विश्वस्त संस्थेच्या मालकीचा. नोव्हेंबर 2020 मध्ये हा नवा क्लब, एएफसी विम्बल्डन, मूळ प्लाउ लेन मैदानाच्या जवळच नवं मैदान बांधून परतला. तिथला पहिला सामना कोविडमुळे रिकाम्या स्टँडपुढे झाला. नियतीची विनोदबुद्धी अशी.

निषेधाचं हे लोण आपल्याकडेही आलं आहे. 2020 मध्ये मोहन बागान या शतकाहून जुन्या क्लबाच्या नावाला मालकाच्या आधीच्या क्लबाची एटीके ही अक्षरं चिकटली तेव्हा कोलकात्यात ती काढण्यासाठी चळवळ उभी राहिली. 18 मार्च 2023 ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर बागानने आयएसएलचा अंतिम सामना जिंकला आणि त्याच रात्री मालक संजीव गोयंका यांनी ती अक्षरं गळणार असल्याचं जाहीर केलं. विजयाच्या रात्री दिलेली कबुली मालकाला स्वस्त पडते, हे निषेध करणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

एप्रिल 2021 मध्ये युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग जाहीर केली आणि चाहते रस्त्यावर उतरल्यावर इंग्लंडमधल्या सहाही क्लबांनी 48 तासांत माघार घेतली. त्या धक्क्यातून ब्रिटिश सरकारने चौकशी नेमली, आणि जुलै 2025 मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला. आता पहिल्या पाच श्रेणींवर स्वतंत्र नियामक आहे. मालकाने क्लब विकावा असं चाहत्यांना वाटलं म्हणून तो विकायला लावायची सोय त्यात नाही. ब्लॅकबर्नवाल्यांना तो रस्ता अजून बंदच आहे. पण मैदान विकायचं तर नियामकाची परवानगी लागेल. बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे मुख्य रंग बदलायचे तर बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा आहे, याची खातरजमा क्लबला करावी लागेल. मलेशियाच्या मालकाने 2012 मध्ये कार्डिफच्या निळ्या जर्सीला लाल केलं होतं आणि निळा परत मिळायला जानेवारी 2015 उजाडलं. ती मनमानी आता इतकी सोपी नाही.

चाहते म्हणजे कोण, हेही कायद्याने सांगून ठेवलं आहे: इंग्लंड आणि वेल्समधले. तेव्हा युनायटेडसाठी रात्री दीडपर्यंत जागणाऱ्या ठाण्याच्या नाहीतर मडगावच्या वाचकहो, तुमचं मत यात मोजलं जाणार नाही.