स्टीलच्या सुराचा माग

15 मार्च 1968. नॅशव्हिलचं रायमन सभागृह. 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्री संगीताच्या मानाच्या कार्यक्रमात लॉस एंजेलिसचा रॉक बँड 'द बर्ड्‌स' गायला उभा राहिला. व्हिएतनाम युद्धावरून देश दुभंगलेला होता, आणि लांब केसांची ही पोरं कंट्रीच्या श्रोत्यांना आपली वाटेनात. ऑगस्टमध्ये 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा त्यांचा अल्बम आला, तेव्हा रॉकच्या चाहत्यांनीही पाठ फिरवली. बिलबोर्डच्या यादीत तो 77व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. आज मात्र कंट्री-रॉकची गोष्ट सांगताना हा अल्बम टाळताच येत नाही.

या संगीतात शिरायचं तर पेडल स्टील गिटारचा माग काढावा. ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. टेबलासारखी पुढ्यात ठेवून, पोलादी दांडा तारांवरून सरकवत वाजवतात. पायाखालचं पेडल दाबलं की वाजत्या तारेचा ताण बदलतो. एक स्वर जागेवर राहतो आणि शेजारचा अलगद वर चढतो. मींड ओळखणाऱ्या कानाला हा सूर परका वाटणार नाही.

'स्वीटहार्ट'मध्ये लॉईड ग्रीन आणि जेडी मॅनेस यांनी स्टील वाजवलं. बँडला या वाटेवर नेणारा ग्रॅम पार्सन्स तेव्हा 21 वर्षांचा होता. काही महिन्यांतच तो बाहेर पडला आणि 1969मध्ये त्याच्या नव्या 'फ्लाइंग बरिटो ब्रदर्स' या बँडचा 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' हा अल्बम आला. त्यात स्नीकी पीट क्लाइनॉने स्टीलला फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारा परिणाम, जोडला आणि तेच हळवं वाद्य गुरगुरू लागलं. 1973मध्ये पार्सन्स 26व्या वर्षी गेला. त्याच्याबरोबर गाणाऱ्या एमिलू हॅरिसने हा वारसा पुढे नेला.

पंक ऐकत वाढलेल्या 'अंकल टुपेलो' या बँडनेही हीच वाट धरली. त्यांचा 'अ‍ॅनोडाइन' (1993) स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र वाजवून, मागाहून काही न जोडता ध्वनिमुद्रित झाला. त्यात लॉईड मेन्सचं स्टील आहे. पुढच्याच वर्षी बँड फुटला आणि त्यातून 'विल्को' व 'सन व्होल्ट' उभे राहिले. 1998मध्ये आलेल्या, याच वळणाच्या ल्युसिंडा विल्यम्सच्या 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' या अल्बमने ग्रॅमी मिळवली.

दोन्हीकडच्या श्रोत्यांनी नाकारलेला सूर तीस वर्षांत असा रुजला. आज 'स्वीटहार्ट' आणि 'अ‍ॅनोडाइन' लागोपाठ, एकही गाणं न वगळता ऐका.