मालिका रटाळ का झाली? तक्रारीपासून रिसर्च क्वेश्चनपर्यंत

पेटच्या इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. विषय सगळ्यांकडे असतो, प्रश्न फार थोड्यांकडे असतो. "मला पाण्याच्या प्रदूषणावर काम करायचंय" हा विषय झाला. पॅनल पुढे विचारतं, "बरं, तुमचा प्रश्न काय?" आणि तिथे आपली गाडी अडते.

प्रश्न तयार कसा करायचा, हे आज लॅबमधलं उदाहरण न घेता सांगते. उदाहरण आहे एका मराठी मालिकेचं. घरात बसून आपण सगळेच मालिकांवर तक्रार करतो, आणि तक्रार ही संशोधनाची कच्ची सामग्रीच असते. फक्त ती तशीच्या तशी वापरता येत नाही.

मालिका कोणती

'होणार सून मी ह्या घरची'. झी मराठीवर २०१३ ते २०१६ अशी अडीच वर्षं चालली. तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना जेवता जेवता पाहिली असेल. बँकेत नोकरी करणारी जान्हवी (तेजश्री प्रधान), गोखले गृहउद्योगाचा वारस श्री (शशांक केतकर) आणि श्रीच्या घरात एक नाही, दोन नाही, सहा आया. घराच्या प्रमुख भागीरथीबाई, म्हणजे रोहिणी हट्टंगडी. 'गांधी' चित्रपटातल्या कस्तुरबांच्या भूमिकेसाठी बाफ्टा मिळवलेली अभिनेत्री रोज रात्री आपल्या घरी येत होती! सोबत सुहिता थत्ते, लीना भागवत यांच्यासारख्या रंगभूमीवर तयार झालेल्या कलाकार. जान्हवीच्या माहेरी मनोज कोल्हटकर आणि आशा शेलार.

सुरुवातीचे महिने मला खरंच आवडले होते. बायकांनी चालवलेलं घर आणि उद्योग, आणि त्यात येणारी एक साधी, कमावती मुलगी. नंतर मात्र गैरसमज, स्मृतिभ्रंश, पुन्हा गैरसमज. शेवटी जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे विनोद फिरायला लागले. माझी तक्रार एका वाक्याची होती: "एवढे चांगले कलाकार घेतले आणि वाया घालवले."

आता हे वाक्य सोलायला घेऊ.

पायरी पहिली: शब्द मोजता येतो का?

"रटाळ" म्हणजे काय? तुम्हाला जे रटाळ वाटतं ते मला वाटेलच असं नाही. म्हणून आधी कामचलाऊ व्याख्या करावी लागते. उदाहरणार्थ, एका भागात असे किती प्रसंग आहेत की ज्यांच्यानंतर कोणाला तरी नवीन काही कळलं, किंवा कोणी निर्णय घेतला? हे मोजता येतं. दोन माणसांनी वेगवेगळं बसून मोजलं तर आकडे जवळपास सारखे येतात का, हेही तपासता येतं. आकडे फारच वेगळे आले तर समजायचं की व्याख्याच ढिली आहे.

इथे कोणीतरी म्हणेल, "एवढं कशाला, टीआरपी बघा की." बघू. २०१५ पासून आपल्याकडे बार्क ही संस्था हे मोजमाप करते. निवडलेल्या घरांत मीटर बसवलेला असतो. वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला ऐकू न येणारी खूण तो ओळखतो, आणि टीव्हीसमोर कोण बसलंय हे घरच्यांनी बटण दाबून सांगायचं असतं. म्हणजे टीआरपी काय मोजतो? टीव्ही लागला होता आणि समोर कोणी होतं, एवढंच. ते माणूस रमलं होतं की कंटाळून भाजी निवडत होतं, हे त्यात येत नाही. आपल्याला हवी असलेली गोष्ट आणि आपण मोजतोय ती गोष्ट यांतली ही फट तुमच्या संशोधनातही असणार आहे. सिनॉप्सिस लिहायच्या आधी ती शोधून ठेवा.

पायरी दुसरी: जे बदललं नाही, ते बदलाचं कारण होऊ शकत नाही

आता कारणांकडे या. मालिका बिघडली, का? यादी करू. कलाकार कमी पडले. लिहायला वेळ मिळाला नाही. शेवट ठरलेला नव्हता. किंवा मालिका तशीच होती आणि मीच बदलले, अकरावीतून कॉलेजात गेले.

पहिलं कारण लगेच बाद करता येतं, आणि कसं ते नीट बघा. पहिल्या वर्षी मालिका चांगली होती तेव्हा मुख्य कलाकार जे होते, बहुतांश तेच शेवटीही होते. कलाकार तेच, दर्जा वेगळा. मग दर्जातल्या फरकाचं कारण कलाकार कसे असतील? जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात ही पद्धत व्यवस्थित मांडली: दोन परिस्थितींत बाकी सगळं सारखं असेल आणि एकच गोष्ट वेगळी असेल, तर परिणामातल्या फरकाचा संशय त्या एका गोष्टीवर घ्यायचा. आपण लॅबमध्ये कंट्रोल ठेवतो तो याचसाठी.

मग संशय कोणावर? इथे मला माझं रसायनशास्त्र आठवतं. १० मोल हायड्रोजन आणि १ मोल ऑक्सिजन घेतला तर पाणी किती बनेल? फक्त २ मोल. ८ मोल हायड्रोजन तसाच पडून राहतो. त्याच्यात खोट काहीच नाही, ऑक्सिजन संपला इतकंच. ऑक्सिजन इथे लिमिटिंग रीएजंट आहे. शेतीतला लीबिगचा नियमही हेच सांगतो: पीक किती येणार हे सगळ्यात कमी असलेल्या पोषकद्रव्यावर ठरतं, बाकीची खतं कितीही ओता.

मालिकेत कमी काय पडत असेल? साधा हिशोब करा. आठवड्याला सहा भाग, जाहिराती वगळून प्रत्येकी २० मिनिटं धरली तर १२० मिनिटं. म्हणजे दर आठवड्याला एक दोन तासांचा सिनेमा लिहायचा, शूट करायचा, एडिट करून द्यायचा, आणि हे अडीच वर्षं! शिवाय शेवट कधी हे माहीत नाही. जुन्या काळी दूरदर्शनच्या साप्ताहिक मालिकांना तेरा भागांची मंजुरी मिळायची. तेव्हा लेखकाला निदान कळायचं की तेराव्या भागात गोष्ट संपवायची आहे. शेवट माहीत नसेल तर लेखक पात्राला निर्णयच घेऊ देत नाही, कारण निर्णय घेतला की गोष्ट पुढे सरकते. आणि निर्णय न घेणाऱ्या पात्राला बाफ्टा-विजेती अभिनेत्री तरी काय करणार? ती पडून राहिलेला हायड्रोजन.

हे पटण्यासारखं आहे, पण अजून सिद्ध झालेलं नाही. पटणं आणि सिद्ध होणं यांत फरक आहे, तो विसरू नका.

पायरी तिसरी: आधी कोणी काय म्हटलंय?

माझी आजी ही मालिका शेवटपर्यंत आवडीने बघायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "आजी, कालचंच तर चाललंय सगळं, काय बघतेस?" तर म्हणाली, "अगं, काय झालं ते मला कालच कळलं. आता ते कोणाकोणाला कळतंय आणि कोण कसं घेतंय, ते बघतेय."

मला वाटलं, आजी मालिकेची बाजू घेतेय. कित्येक वर्षांनी पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये एका मैत्रिणीने रॉबर्ट अ‍ॅलन यांच्या १९८५ च्या पुस्तकाबद्दल सांगितलं. अमेरिकन सोप ऑपेरांचा अभ्यास करताना त्यांनी साधारण हेच मांडलंय: बाहेरच्याला जी निव्वळ पुनरावृत्ती वाटते, तीच नेहमीच्या प्रेक्षकासाठी अर्थाने भरलेली असते, कारण तीच बातमी कोण कोणाला सांगतंय यावर सगळं अवलंबून असतं. त्याच वर्षी इएन आंग यांचं 'डॅलस' मालिकेवरचं पुस्तक इंग्रजीत आलं. त्यांनी एका डच मासिकात छोटी जाहिरात देऊन वाचकांना ही मालिका का आवडते किंवा आवडत नाही ते कळवायला सांगितलं. पत्रं आली ४२. तेवढ्यावर त्यांनी केलेलं काम आजही शिकवलं जातं. सॅम्पल लहान म्हणून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आकडा किती, याच्या आधी प्रश्न कसा आहे ते बघायचं असतं.

अ‍ॅलन वाचल्यावर माझी तक्रार अर्धी मोडली आणि उरलेली जास्त धारदार झाली. पुनरावृत्ती हा दोष नव्हताच. उलट सहा आयांचं घर ही त्यासाठी सोन्यासारखी जागा होती! एक बातमी, आणि ती सहा जणी सहा तऱ्हांनी घेणार. माझी आठवण अशी आहे की नंतर नंतर सहाही जणींचे चेहरे एकाच तऱ्हेने दचकायचे, ढॅण ढॅण संगीत वाजायचं, आणि भाग संपायचा. कलाकार वाया गेले असतील तर ते इथे.

आता प्रश्न लिहिता येतो: "एकाच बातमीवर सहा पात्रांच्या प्रतिक्रियांमधला फरक मालिकेच्या पहिल्या सहा महिन्यांच्या तुलनेत शेवटच्या सहा महिन्यांत कमी झाला का?" हा प्रश्न तपासता येतो. भाग निवडता येतात, प्रतिक्रियांचे प्रकार ठरवून नोंदवता येतात, आणि महत्त्वाचं म्हणजे मी चूक ठरू शकते. कदाचित फरक तेवढाच असेल आणि शेवटचे कंटाळवाणे भागच माझ्या डोक्यात जास्त राहिले असतील. मी चूक ठरण्याची शक्यताच नसेल तर तो रिसर्च क्वेश्चन नाही, ते माझं मत आहे.

हे तुम्हाला का सांगतेय

कारण ही मालिका मी स्वतः जगलेय. पीएचडीची पहिली दोन वर्षं मी ज्या प्रोजेक्टवर होते तिथे कास्ट उत्तम होती. नावाजलेले गाईड, हुशार सीनियर, लाखो रुपयांची उपकरणं. प्रश्न मात्र नव्हता. दर महिन्याला नवीन सॅम्पल, नवीन ग्राफ, प्रोग्रेस रिपोर्टमध्ये तीच वाक्यं थोडी फिरवून. "एवढं केलंय तर आता सोडायचं कसं" म्हणून मीही भाग वाढवत राहिले. शेवटी एका सीनियरने विचारलं, "काय निकाल आला तर तू थांबशील?" मला उत्तर देता आलं नाही. तिथून पुढे विषय बदलला, एक फेलोशिपचं वर्ष जवळजवळ हातचं गेलं, आणि घरी ते समजावून सांगणं सगळ्यात अवघड गेलं.

म्हणून लॅब निवडताना नावं बघा, जरूर बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा, "तुझा प्रश्न एका वाक्यात सांग, आणि उत्तर 'नाही' आलं तर ते तुला कसं कळेल?" तो अडखळला तर ताबडतोब पळून जा असं नाही म्हणत, पण तिथे काय कमी पडतंय याचा अंदाज घ्या.

आणि इंटरव्ह्यूच्या आधी एक गृहपाठ करा. तुम्हाला निराश केलेली एक मालिका घ्या आणि चार ओळी लिहा: माझी तक्रार काय, ती मोजणार कशी, तुलना कशाशी करणार, आणि मी चूक असेन तर काय दिसेल. चौथी ओळ लिहिताना जास्त वेळ लागेल. लागू द्या. नंतर तुमच्या खऱ्या विषयासाठी याच चार ओळी लिहा.